उंचीच्या रेघा आणि इरावतीबाई

तुमच्या घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा आहेत का? आमच्या लालबागच्या खोलीत आहेत. दर वाढदिवसाला चौकटीला पाठ टेकवून उभं राहायचं, डोक्यावर पुस्तक आडवं धरायचं आणि रेघ मारायची. माझी शेवटची रेघ आजोबांच्या डोक्याच्या चार बोटं वर आहे. आजोबा गिरणीत कामाला होते. मी त्यांच्यापेक्षा उंच कशी, याचं घरातलं उत्तर ठरलेलं: आईकडची माणसं उंच!

अशी उत्तरं आपण सगळेच देतो. अमक्या जातीचे उंच, तमक्यांचं नाक सरळ, फलाण्यांचे डोळे घारे. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसा, अर्ध्या तासात एक तरी असं वाक्य कानावर पडेलच. गंमत म्हणजे हीच वाक्यं हातात मोजपट्टी घेऊन तपासायला एक मराठी बाई निघाली होती. तीही शंभर वर्षांपूर्वी. तुम्ही तिला ‘युगान्त’ची लेखिका म्हणून ओळखत असाल. इरावती कर्वे.

नदीचं नाव, मुंबईची डिग्री

जन्म १९०५चा, ब्रह्मदेशातला. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते. मुलीला तिथल्या नदीचं नाव दिलं. सातव्या वर्षी तिला पुण्याला हुजूरपागेत शिकायला पाठवलं आणि पुढे ती रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढली. फर्ग्युसनमधून १९२६ला बीए, विषय तत्त्वज्ञान. मग फेलोशिप मिळवून ती आली आपल्या मुंबई विद्यापीठात, समाजशास्त्राच्या डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे.

एमएच्या प्रबंधाला तिने विषय घेतला चित्पावन ब्राह्मण. म्हणजे स्वतःचीच जात! तेव्हा हा विषय साधा नव्हता. रिस्ले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड ‘सिद्ध’ केल्याला फार वर्षं झाली नव्हती. १९०१च्या जनगणनेचा प्रमुखही तोच होता. माणसाचं नाक, डोकं, उंची मोजली की त्याची जागा कळते, असं शिकल्यासवरल्या लोकांनाही वाटत होतं.

याच काळात इरूचं लग्न झालं होतं. नवरा दिनकर कर्वे, रसायनशास्त्राचा प्राध्यापक. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे. आता तुम्हाला वाटेल, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाच्या घरात सुनेचं पुढचं शिक्षण सोपं गेलं असेल. तिने जर्मनीला जाऊ नये, असं मत होतं ते नेमकं महर्षींचंच. दिनकररावांनी मात्र साथ दिली, जीवराज मेहतांकडून कर्ज मिळालं आणि १९२८मध्ये इरावतीबाई बोटीने निघाल्या.

बर्लिनमधल्या १४९ कवट्या

बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत त्यांचे गाइड होते ऑयगेन फिशर. मोठं नाव, आणि वंशश्रेष्ठतेवर ठाम विश्वास. त्यांचा अंदाज असा होता की गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, म्हणून त्याची कवटी दोन बाजूंना सारखी नसते, आणि हीच त्याच्या जास्त बुद्धीची खूण. हे दाखवून देण्याचं काम त्यांनी या भारतीय विद्यार्थिनीला दिलं.

जरा तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज. डिग्री द्यायची की नाही हे ज्याच्या हातात, त्यालाच हवं असलेलं उत्तर ठरलेलं. आपल्यापैकी किती जणांनी इंटर्नलच्या मार्कांसाठी सरांना आवडेल ते लिहिलंय? (माझा हात वर आहे.)

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. कवट्या थोड्याफार वाकड्या निघाल्या, पण सगळ्यांच्याच. वंशाशी त्याचा काही संबंध सापडला नाही. त्यांनी प्रबंधात तेच लिहिलं. डॉक्टरेट मिळाली, पण फिशरांनी सगळ्यात खालची श्रेणी दिली. हेच फिशर १९३३मध्ये नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि त्यांची संस्था सक्तीच्या नसबंदीच्या कामात सामील झाली. चुकीच्या मोजमापावर विश्वास ठेवला की गोष्ट कुठवर जाते, ते पुढे जगाने पाहिलं.

पुन्हा मोजपट्टी

परत आल्यावर त्यांनी १९३१ ते १९३६ मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं प्रशासकीय काम पाहिलं. पण जीव संशोधनात होता. १९३९मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजला गेल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या.

आणि त्यांनी काय केलं? पुन्हा माणसं मोजायला घेतली. उंची, डोकं, नाक, सगळं. महाराष्ट्रातल्या लोकांच्या या मोजमापांचा ग्रंथ १९५१मध्ये निघाला. पुढे १९६८मध्ये त्यांनी कै. च. मल्होत्रा यांच्यासोबत महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना छापली. एकाच पायरीवरच्या, एकाच प्रांतातल्या जाती, तर त्या शरीरानेही सारख्याच असायला हव्यात ना? तशा त्या निघाल्या नाहीत. एका मूळ जातीचे तुकडे होऊन पोटजाती झाल्या हे त्यांना पटत नव्हतं. वेगवेगळे गट शेजारी येऊन एकाच नावाखाली बसले, असं त्या मांडत होत्या. इथे त्यांचा वाद थेट आपल्या गुरूंशी, घुर्यांशी होता. गाइडशी न पटण्याची ही दुसरी वेळ!

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. इरावतीबाईंनी मोजपट्टी सोडली नाही, आणि माणसांना जातीनुसार रांगेत उभं करून मोजण्याची पद्धतही सोडली नाही. ती त्यांच्या काळाची चौकट होती आणि आज आपल्याला ती खटकते. खटकायलाच हवी.

मग उंची ठरवतं कोण?

आज याचं उत्तर बरंच स्पष्ट आहे. २०२२मध्ये ५४ लाख लोकांचा डीएनए तपासणारा अभ्यास आला. उंचीशी जोडलेल्या सुमारे १२ हजार जागा त्यात सापडल्या. म्हणजे ‘उंचीचं जीन’ असं काही एक नाही. चांगलं खायला-प्यायला मिळणाऱ्या एकाच समाजात दोन माणसांच्या उंचीत जो फरक असतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण ८० टक्के धरतात.

पण दोन समाजांमधल्या फरकाला हा आकडा लावता येत नाही. एकोणिसाव्या शतकात डच लोक युरोपातल्या बुटक्यांमध्ये मोडायचे, आज ते जगात सगळ्यात उंच आहेत. दक्षिण कोरियाच्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. एवढ्यात जीन्स बदलत नाहीत. बदललं ते ताट, पाणी आणि लहानपणीची आजारपणं. काही ठिकाणी उत्क्रांतीचा हात दिसतो हेही खरं. मध्य आफ्रिकेच्या जंगलांतल्या काही समाजांच्या कमी उंचीत आनुवंशिक भाग आहे. पण घाई अंगाशी येते. उत्तर युरोपीय लोक दक्षिणेकडच्यांपेक्षा उंच, ते नैसर्गिक निवडीमुळेच, असं काही वर्षं छातीठोकपणे सांगितलं जात होतं. २०१९मध्ये नव्या डेटावर तपासल्यावर तो पुरावा बराचसा विरघळला. वेगवेगळ्या समाजांची माहिती एकत्र करताना जुन्या हिशेबात चूक शिरली होती. १४९ कवट्यांची गोष्ट आठवली ना?

आता मला सगळ्यात आवडलेला धागा. १९५१च्या त्या ग्रंथावर इरावतीबाईंच्या जोडीने वि. म. दांडेकर यांचं नाव आहे. याच दांडेकरांनी १९७१मध्ये नीलकंठ रथ यांच्यासोबत भारतातल्या गरिबीवर गाजलेला अभ्यास लिहिला. गरिबीची रेषा त्यांनी आखली ती माणसाला दिवसाला लागणाऱ्या २,२५० कॅलरींवरून. आधी माणसं मोजली आणि मग त्यांची ताटं.

इरावतीबाईंना तो अभ्यास बघायला मिळाला नाही. ११ ऑगस्ट १९७०ला त्या गेल्या.

परवा मी आजोबांना विचारलं, लहानपणी तुम्ही काय जेवायचात? ते बराच वेळ बोलत होते. गावचा दुष्काळ, एकवेळचं जेवण, मुंबईत आल्यावर खाणावळीत पहिल्यांदा पोटभर खाल्लेला भात. आईकडच्या उंच माणसांचा विषय त्यात एकदाही निघाला नाही. चौकटीवर त्यांची रेघ नव्हतीच, ती मी त्या दिवशी मारली. तुमच्याही घरी कुणाची राहिली असेल तर मारून घ्या, आणि मारताना हा प्रश्न जरूर विचारा.