कोळशाने शोषलेला वायू स्प्रिंगवर मोजणारा माणूस, जो पुढे पुण्याच्या एनसीएलचा पहिला डायरेक्टर झाला

रंगकाम किंवा केमिकलचं काम करणाऱ्या कामगारांच्या मास्कला बाजूला एक डबी असते. वाफांपासून वाचवणाऱ्या डबीत काळे दाणे भरलेले असतात. हा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे खास प्रक्रिया केलेला कोळसा.

धूळ अडवायला साधा फिल्टर पुरतो. सॉल्व्हंटची वाफ मात्र त्यातून आरपार जाते. ती पकडण्याचं काम हा कोळसा करतो. अडचण अशी की, पूर्ण भरलेला कोळसाही दिसायला नव्यासारखाच दिसतो. मास्क तोंडावर असतो आणि विषारी वाफ छातीत जात असते. म्हणून कोळशाची ताकद आधीच मोजावी लागते.

हे मोजमाप ज्यांनी सोपं केलं, त्यांचं नाव जेम्स विल्यम मॅकबेन.

त्यांचा जन्म १८८२ चा, कॅनडातला. टोरांटोत शिकून ते जर्मनीला गेले आणि १९०६ मध्ये इंग्लंडच्या ब्रिस्टलमध्ये शिकवू लागले. कोळसा हायड्रोजन कसा धरून ठेवतो, यावर त्यांनी काम केलं. काही वायू पृष्ठभागाला लगेच चिकटतो, तर काही हळूहळू आत मुरतो, हे त्यांच्या लक्षात आलं. या दोन्हींसाठी मिळून त्यांनी १९०९ मध्ये सॉर्प्शन हा शब्द वापरला.

पुढे पहिल्या महायुद्धात विषारी वायू वापरला गेला आणि कोळशाच्या मास्कवर सैनिकांचे जीव अवलंबून राहिले.

१९२६ मध्ये मॅकबेन आणि बक्र यांनी एक तराजू मांडला. काचेच्या नळीत क्वार्ट्झची बारीक स्प्रिंग, तिला टांगलेली छोटी बादली आणि बादलीत कोळसा. आधी नळीतली हवा काढायची, मग वाफ सोडायची. कोळसा वाफ पकडतो, जड होतो आणि स्प्रिंग ताणली जाते. ती किती खाली आली, यावरून किती वाफ पकडली ते कळतं. क्वार्ट्झच का? कारण वाफांचा त्यावर सहसा परिणाम होत नाही आणि वजन काढलं की ती पूर्ववत होते.

१९३२ मध्ये त्यांनी आणखी एक शब्द दिला, मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे रेणूंची चाळणी. झिओलाइट नावाची काही खनिजं लहान रेणू आत घेतात आणि मोठे बाहेरच ठेवतात. कोरेगाव, साताऱ्याकडे जो काळा पाषाण दिसतो, त्याच दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये ही खनिजं सापडतात.

१९४९ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, मॅकबेन याच दख्खनमध्ये आले. पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे ते पहिले डायरेक्टर. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी या प्रयोगशाळेचं उद्घाटन केलं. १९५२ पर्यंत मॅकबेन यांनी पद सांभाळलं. १९५३ मध्ये अमेरिकेत त्यांचं निधन झालं.

आज कोळशाची ताकद इलेक्ट्रॉनिक तराजूवर मोजतात. फिल्टरची आणखी एक चाचणी असते. एका बाजूने ठरावीक प्रमाणात वाफ सोडायची आणि दुसऱ्या बाजूला ती किती वेळाने बाहेर पडते ते पाहायचं. त्यावरून तो फिल्टर कामगाराला किती वेळ वाचवू शकेल, याचा अंदाज येतो. उष्ण, दमट हवेत हा वेळ आणखी कमी होतो, म्हणून डबी वेळेआधीच बदललेली बरी.