चाळीस फुटांवर थांबलेलं धरण

जुलै उजाडला की कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले. मग पंचगंगेची पातळी किती, राजाराम बंधारा पाण्याखाली गेला का, शिवाजी पुलावरून रील कुणी टाकलं, सगळं सुरू. पण हे धरण बांधायचं कुणाच्या डोक्यात आलं, असं कट्ट्यावर विचारलं तर उत्तर येतं, 'शाहू महाराज', आणि गाडी तिथंच थांबते. शाहू महाराज म्हटलं की आपल्याला आरक्षण आठवतं, वसतिगृहं आठवतात, खासबाग मैदान आठवतं. ते बरोबरच आहे. पण या राजानं आयुष्यातली जवळजवळ अठ्ठावीस वर्षं आणखी एका गोष्टीवर खर्च केली, ती म्हणजे जमीन. तिला पाणी कुठून येणार, तिच्यातून पिकलेला माल कुठं विकला जाणार आणि मुळात ती कुणाच्या नावावर असणार?

जन्म २६ जून १८७४, कागलच्या घाटगे घराण्यात. नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब कागलचे जहागीरदार. १७ मार्च १८८४ ला कोल्हापूरच्या राणी आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतलं आणि नाव ठेवलं शाहू. पुढचं शिक्षण राजकोट आणि धारवाडला, शिक्षक स्टुअर्ट फ्रेझर. २ एप्रिल १८९४ ला राज्यकारभार हातात आला, तेव्हा वय होतं एकोणीस. म्हणजे आपल्या भाषेत सेकंड इयर.

हातात आलेला प्रदेश मोठा विचित्र होता. पश्चिमेला गगनबावड्याकडं वर्षाचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या पुढं जातो आणि पूर्वेला शिरोळकडं तो जेमतेम पाचशे-सहाशेच्या आसपास. दोन्ही टोकांत अंतर एका दिवसाच्या बाईक राइडचं. पावसाळ्यात भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी दोन्ही काठ भरून वाहायच्या, पंचगंगेतून सगळं पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत जायचं आणि उन्हाळ्यात त्याच नदीच्या काठावरचा शेतकरी आभाळाकडं बघत बसायचा.

त्यांनी सुरुवात केली ती बाजारापासून, आणि मला हे फार विचार करण्यासारखं वाटतं. १८९१ ला मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली होती. १८९५ मध्ये शाहूंनी स्टेशनच्या बाजूला शाहूपुरी वसवली, मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठी. उसाचं पीक इथं आधीपासून होतं, गुऱ्हाळं होती. पण गुळाचा रवा घरात ठेवून पैसा होत नाही. तो विकणारा आणि घेणारा एका जागी यावा लागतो, माल लांब जायची सोय लागते. ती सोय झाली. कोल्हापुरी गुळाचं जे नाव आज आपण कॉलर ताठ करून सांगतो, त्याच्या मागं ही पेठ आहे. (पुढं १९१७ मध्ये याच धर्तीवर रेल्वेमार्गावर आणखी एक व्यापारी गाव वसवलं. त्याला वडिलांचं नाव दिलं, जयसिंगपूर.)

आणि मग दुष्काळ आला. १८९६-९७. राज्यकारभार हाती येऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. पाठोपाठ प्लेग. बावीस-तेवीस वर्षांच्या राजाची ही खरी परीक्षा होती. शाहू संस्थानातल्या गावांतून फिरले. स्वस्त धान्याची दुकानं उघडली, व्यापाऱ्यांनी खरेदीच्या भावात धान्य विकावं आणि तोटा दरबारनं सोसावा अशी व्यवस्था केली. रोजगाराची कामं काढली. कामावर येणाऱ्या बायकांच्या लहान मुलांसाठी शिशुगृहं काढली. ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट आहे, हे जरा लक्षात घ्या.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी जनावरांसाठी केलेलं. दुष्काळात माणसं वाचवणं हे कुठल्याही राज्यकर्त्याला सुचेल. ज्याला शेती कळते त्याला माहीत असतं की गोठा रिकामा झाला तर पुढच्या वर्षी पाऊस पडूनही उपयोग नाही. औत ओढणार कोण? शेणखत कुठून येणार? शेतकरी दुष्काळात बैल कवडीमोलानं विकतो आणि मग पेरणीच्या वेळी सावकाराच्या दारात उभा राहतो, हे चक्र तेव्हाही होतं आणि आजही फार बदललंय असं नाही. शाहूंनी राखीव जंगलं चराईला खुली केली, वैरणीची सोय केली, जनावरांसाठी छावण्या उभ्या केल्या, शेतकऱ्यांना तगाई दिली. आज उन्हाळ्यात मराठवाड्यात चारा छावण्या लागल्याच्या बातम्या येतात. ती कल्पना कोल्हापूरनं सव्वाशे वर्षांपूर्वी राबवलेली आहे.

दुष्काळ सरला, पण त्याचा धडा शाहूंनी सोडला नाही. १९०२ हे साल आपल्याला माहीत आहे ते आरक्षणामुळं. २६ जुलैला, महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेलेले असताना, मागासवर्गीयांना पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा जाहीरनामा निघाला. त्याच वर्षी त्यांनी संस्थानासाठी पाटबंधाऱ्यांचं धोरणही आखलं. त्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमला, जुन्या विहिरी आणि तळ्यांची पाहणी, दुरुस्ती, नव्या कामांच्या जागा शोधणं हे सगळं कागदावर आणलं. पहिली गोष्ट अभ्यासक्रमात आली. दुसरी जिल्ह्याच्या हिरव्या रंगात आहे, पण परीक्षेत विचारत नाहीत म्हणून आपल्याला माहीत नसते.

या पाहणीच्या पुढची पायरी म्हणजे भोगावतीवरचं धरण. जागा निवडली फेजिवडे गावाजवळ, सह्याद्रीच्या अगदी कुशीत, जिथं पाऊस कोसळतो तिथंच. काम हातात घेतलं १९०७-०८ च्या सुमाराला. संस्थानचे अभियंता दाजीराव विचारे यांच्याकडं बांधकामाची जबाबदारी होती. दगडी भिंत. जलाशयाला नाव दिलं महाराणी लक्ष्मीबाई तलाव आणि धरणाजवळ वसवलेल्या गावाला नाव दिलं मुलीचं, राधाबाई ऊर्फ अक्कासाहेबांचं. तेच आपलं राधानगरी.

इथं थोडं थांबून पाणी शेतापर्यंत पोचतं कसं ते बघू, कारण सगळी गंमत त्यात आहे. धरण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं कालवे येतात. राधानगरीचं पाणी मात्र नदीतच सोडतात. नदी हाच कालवा. पावसाळ्याचं पाणी वर अडवायचं, उन्हाळ्यात ते हळूहळू सोडायचं, खाली जागोजागी ते बंधाऱ्यांत धरायचं आणि काठावरच्या शेतकऱ्यानं उचलून घ्यायचं. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, ज्याला सगळे के.टी. वेअर म्हणतात, तो याच गरजेतून नंतर रुजला. पावसाळ्यात फळ्या काढायच्या, पाऊस संपला की घालायच्या. नदी बारमाही वाहती ठेवायची ही मूळ कल्पना बरोबर निघाली, म्हणून पुढचं सगळं जमलं. त्यातून ऊस इतका वाढला की आता जिल्ह्यात दुसरं पीक शोधावं लागतं, हा वेगळा वाद. त्याचं खापर काही लोक शाहूंवर फोडतात, ते मला पटत नाही. त्यांनी पाणी दिलं. त्यावर फक्त ऊसच लावायचा, हे नंतरच्यांनी ठरवलं.

उलट त्यांचे स्वतःचे प्रयोग बघितले तर ते एका पिकावर थांबणारे नव्हतेच. पन्हाळ्याच्या परिसरात त्यांनी चहा आणि कॉफीची लागवड करून बघितली. आज पन्हाळ्यावर गेलात तर चहाचे मळे दिसत नाहीत, टपरीवरचा चहाच मिळतो, म्हणजे तो प्रयोग टिकला नाही. पण डोंगरउतारावर भात-नाचणीशिवाय काय येईल हे करून बघायची तयारी होती. १९१२ मध्ये कोल्हापुरात किंग एडवर्ड ॲग्रिकल्चरल इन्स्टिट्यूट काढली. सुधारलेली अवजारं शेतकऱ्याला बघायला मिळावीत, शेतीची नवी माहिती त्याच्यापर्यंत पोचावी हा हेतू. त्याच सुमाराला सहकारी संस्थांचा कायदाही संस्थानात आला. जिल्ह्यात आज गल्लोगल्ली दूध संस्था आणि सोसायट्या दिसतात, त्यांची मुळं शोधत मागं गेलं की आपण इथं येऊन पोचतो.

महाराज शिकारीचे भलतेच शौकीन होते, हेही सांगायला पाहिजे. दाजीपूरचं जंगल हे त्यांचं शिकारीचं राखीव रान. शिकारीसाठी का होईना, ते जंगल राखलं गेलं. धरणाच्या वरच्या अंगाला आज गव्यांसाठी प्रसिद्ध असलेलं राधानगरी अभयारण्य आहे, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली त्यात ते आहे.

आता तो भाग, जो धरणापेक्षाही अवघड होता. जमीन सुधारायची म्हणजे नुसतं पाणी नि बियाणं नाही. गावात जमिनीचा कागद कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न येतोच. तेव्हा गावचं दप्तर वंशपरंपरेनं कुलकर्ण्याकडं असायचं. कुणाच्या नावावर काय, सारा किती, थकबाकी किती, हे एकट्याला माहीत. १९१८ मध्ये शाहूंनी कुलकर्णी वतनं रद्द केली आणि पगारी तलाठी नेमले. यावरून प्रचंड वाद झाला, विरोध झाला, वर्तमानपत्रांतून टीका झाली. त्याच वर्षी महार वतनही रद्द केलं. ही वतनाची जमीन म्हणजे वरवर बघता मालकी, पण तिच्या बदल्यात गावाची आणि सरकारची कुठलीही चाकरी कधीही, रात्री-अपरात्री करायची. पिढ्यान् पिढ्या वाटण्या होऊन वाट्याला आलेला तुकडा एवढासा आणि गुलामी मात्र अख्खी. शाहूंनी या जमिनी रयतावा करून त्या-त्या माणसाच्या नावावर केल्या. म्हणजे सारा भरा, जमीन तुमची, चाकरीची सक्ती संपली. स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी आपण तलाठी ऑफिसला हेलपाटे घालतो तेव्हा वैताग येतो, साहजिक आहे. पण सरकारी पगारी तलाठी असणं हीच एके काळी इथं क्रांती होती.

१९१८ हे साल महाराजांसाठी फार वाईट होतं. जून महिन्यात धाकटा मुलगा शिवाजी रानडुकराच्या शिकारीत अपघाताने गेला. आणि धरणाचं काम थांबलं. तोवर चौदा लाख रुपये खर्च झाले होते. एका संस्थानासाठी ही रक्कम केवढी असेल, विचार करा. शाळा, वसतिगृहं, शिष्यवृत्त्या हा खर्च चालूच होता. १९१७ मध्ये तर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलेलं. धरणासाठी आणखी पैसा उभा राहिना. भिंत चाळीस फुटांवर आली होती. तेवढ्यावर सहाशे दशलक्ष घनफूट पाणी साठत होतं, म्हणजे आजच्या बातम्यांतल्या भाषेत ०.६ टीएमसी.

६ मे १९२२ ला मुंबईत शाहू महाराजांचं निधन झालं. वय अवघं सत्तेचाळीस. धरण तसंच अर्धवट होतं.

ते पुढं नेलं मुलानं. राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये काम पुन्हा सुरू केलं, आणि पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, तेही गेले. मग १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राजे गेले, संस्थान गेलं, भिंत मात्र चढत राहिली. १९५७ मध्ये ती पूर्ण झाली, काम हातात घेतल्यापासून जवळपास पन्नास वर्षांनी. आज त्या जलाशयात आठ टीएमसीपेक्षा जास्त पाणी मावतं.