बूल यांचा 'एक'

संगणकाच्या पोटात शून्य आणि एक यांखेरीज काही नसते, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मग खरे म्हणजे एक, खोटे म्हणजे शून्य असे धरून या मूल्यांना सरळ संख्याच का मानू नये, असा प्रश्न प्रोग्रॅमिंग शिकणारे विद्यार्थी नेहमी विचारतात. ज्यांच्या नावावरून या मूल्यांना 'बूलियन' म्हणतात, त्या जॉर्ज बूल यांचे चरित्र या संदर्भात उद्बोधक ठरावे.

बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन येथे झाला. वडील जोडे शिवून प्रपंच चालवीत. पण त्यांचा खरा ओढा गणिताकडे आणि दुर्बिणी तयार करण्याकडे. साहजिकच घरात ओढगस्त होती. सोळाव्या वर्षी बूल यांनी शिक्षकाची नोकरी धरली व एकोणिसाव्या वर्षी स्वतःची शाळा काढली. विद्यापीठात विद्यार्थी म्हणून पाऊलही न टाकलेल्या या शाळामास्तरांना १८४४ मध्ये रॉयल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले आणि १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथील कॉलेजात गणिताचे प्राध्यापकपद. भारताचे सर्व्हेयर जनरल राहिलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी मेरी ही त्यांची पत्नी.

१८४७ आणि १८५४ मधील ग्रंथांत त्यांनी तर्कशास्त्राला बीजगणिताची भाषा दिली. पांढऱ्या वस्तू निवडल्या व त्यांतून पुन्हा पांढऱ्या निवडल्या, तर हाती तेच उरते; म्हणजे चिन्हाचा वर्ग त्या चिन्हाइतकाच असतो. संख्यांमध्ये हा नियम फक्त शून्य आणि एक पाळतात. म्हणून शून्य म्हणजे काहीच नाही आणि एक म्हणजे सर्व काही, असा अर्थ त्यांनी लावला.

परंतु बेरजेपाशी ते सावध झाले. ज्या दोन वर्गांत एकही वस्तू सामाईक नाही, त्यांचीच बेरीज त्यांना अर्थपूर्ण वाटे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी पत्रांतून आग्रह धरला की, तर्कात कोणतीही गोष्ट स्वतःत मिळवली तर तीच राहते. बूल यांनी ते मानले नाही. मधल्या पायऱ्यांवर अर्थहीन चिन्हे आली तरी चालतील, अखेरचे उत्तर मात्र अर्थपूर्ण हवे, अशी त्यांची पद्धत होती. पुढच्या पिढ्यांनी जेव्हन्स यांचाच नियम स्वीकारला. त्यामुळे आजच्या बूलियन बीजगणितात एक अधिक एक बरोबर एक होतात.

१८६४ च्या हिवाळ्यात बूल भर पावसातून चालत कॉलेजात गेले आणि ओल्या कपड्यांनीच त्यांनी व्याख्यान दिले. त्या आजारातून ते उठले नाहीत. ८ डिसेंबर रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन यांनी त्यांचे बीजगणित विजेच्या खटक्यांना लावून दाखविले आणि संगणकाची वाट मोकळी झाली.

पायथॉन भाषेत 'खरे' अधिक 'खरे' बरोबर दोन होतात. याची सोय नाकारण्याचे कारण नाही. हजेरीपटावरील उपस्थितांची मोजदाद याच रीतीने चुटकीसरशी होते. पण सी भाषेत 'तीन मोठे दोनपेक्षा, दोन मोठे एकपेक्षा' असे सलग लिहिल्यास पहिल्या तुलनेचे उत्तर एक येते. पुढे एकाची तुलना एकाशी होऊन सारे विधान खोटे ठरते. संगणक ब्रही काढत नाही. हॅस्केलसारख्या फलनाधिष्ठित भाषा सत्यमूल्य आणि संख्या यांची जात वेगळी ठेवतात व असे वाक्य मुळातच नाकारतात. मोजदाद करायचीच असेल, तर खऱ्याला एक व खोट्याला शून्य देणारे फलन उघडपणे वापरावे लागते.

आमच्या मते हाच मार्ग श्रेयस्कर होय. एका शब्दाचे जादा लेखन ही मूक चुकीपेक्षा फारच स्वस्त किंमत आहे. सत्याला संख्येचा वेष प्रथम बूल यांनी चढविला हे खरे; पण हिशेब संपल्यावर तो उतरवून अर्थ तपासण्याचा दंडकही त्यांनीच घातला, हे विसरून चालणार नाही.