वॉकीटॉकीतला आर्मस्ट्राँग

आधीच सांगते, हा चंद्रावर गेलेला आर्मस्ट्राँग नव्हे. आणि माझी अख्खी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

झालं असं, की मागच्या पावसाळ्यात आमचा हॉस्टेलचा ग्रुप राजमाचीला गेला. पुढचे आणि मागचे यांची चुकामूक होऊ नये म्हणून कुणीतरी खेळण्यांच्या दुकानातून वॉकीटॉकीची स्वस्त जोडी आणली होती. धुक्यात मागे राहिलेल्या दोघी तासभर सापडेनात, आणि आमच्या हातातल्या डबीतून नुसता खरखराट. शेवटी त्या एका गावकऱ्याबरोबर चालत आल्या. तो तासभर मी अजून विसरले नाहीये.

परत आल्यावर चांगला सेट निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण काय तर मी ई अँड टीसीची. जुनी डबी उघडली तर आत सुपर-रिजनरेटिव्ह रिसीव्हर. नवीन सेटच्या माहितीत एफएम आणि सुपरहेटरोडाइन. हे सगळं कुणाचं म्हणून शोधायला गेले तर तिन्हींच्या मागे एकच माणूस निघाला. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग.

त्याचा जन्म १८ डिसेंबर १८९० चा, न्यूयॉर्कचा. लहानपणी आजारपणात दोन वर्षं शाळा बुडाली. स्वभाव एकलकोंडा, पण उंचीची भीती अजिबात नाही. यॉन्कर्सच्या घरी त्याने १२५ फुटी अँटेना उभी केली आणि तिच्यावर स्वतःच चढायचा. पुढे कोलंबिया युनिव्हर्सिटीत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला गेला, तोही मोटरसायकलवरून.

ली डी फॉरेस्टने ऑडिऑन नावाची ट्यूब बनवली होती, पण ती नेमकी कशी चालते हे त्यालाच धड माहीत नव्हतं. १९१२ मध्ये आर्मस्ट्राँगने तिचं आउटपुट थोडं थोडं परत इनपुटला दिलं आणि क्षीण सिग्नल कितीतरी पट मोठा झाला. हेच रिजनरेशन. तेव्हा तो अजून स्टुडंटच होता, आपल्यासारखा! वडील म्हणाले, आधी डिग्री, मग पेटंटचे पैसे. मग त्याने नुसतं सर्किटचं चित्र काढून ३१ जानेवारी १९१३ ला नोटरी करून घेतलं. ही तारीख लक्षात ठेवा.

पहिल्या महायुद्धात तो सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये पॅरिसला होता. १९१८ मध्ये तिथे सुपरहेटरोडाइन सुचलं: येणारी फ्रिक्वेन्सी कुठलीही असो, आधी ती एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर उतरवायची आणि मग वाढवायची. (फ्रान्सच्या ल्युसिअन लेव्हीनेही यावर हक्क सांगितला होता, हे आपल्या पुस्तकात नसतं.) सुपर-रिजनरेशनही त्याचंच. पेटंट विकून तो श्रीमंत झाला. १९२३ मध्ये आरसीए कंपनीच्या डेव्हिड सार्नॉफच्या सेक्रेटरीशी, मॅरिअनशी, लग्न केलं आणि तिला भेट काय दिली, तर सोबत नेता येईल असा सुपरहेटरोडाइन रेडिओ. आमच्या शाखेतले मुलगे यापेक्षा वेगळे नाहीत.

मग आलं एफएम. विजेच्या कडकडाटाने लाटेची उंची बदलते, आणि एएममध्ये माहिती नेमकी उंचीतच असते, म्हणून खरखर. आर्मस्ट्राँगने माहिती फ्रिक्वेन्सीत ठेवली आणि रिसीव्हरमध्ये उंची सरळ छाटून टाकली. एफएमचा काही फायदा नाही असं जॉन कार्सनने १९२२ मध्ये गणिताने दाखवलं होतं, पण तो अरुंद बँड धरून. ह्याने बँड रुंद केला. १९३३ मध्ये पेटंट मिळाली. १९३५ मध्ये इंजिनिअर लोकांसमोर त्याने ग्लासात पाणी ओतल्याचा आवाज ऐकवला, मागे शांतता ठेवून.

इथून पुढचं वाचताना मला त्रास झाला. डी फॉरेस्टबरोबरचा रिजनरेशनचा खटला तो १९३४ मध्ये सुप्रीम कोर्टात हरला. त्याने इंजिनिअर्सच्या संस्थेने दिलेलं मेडल परत करायला काढलं, पण ते घ्यायला संस्थेने नकार दिला. सार्नॉफला तोवर टेलिव्हिजन हवा होता. १९४५ मध्ये सरकारने एफएमचा बँडच वर सरकवला आणि आधी विकलेले सेट निकामी झाले. १९४८ मध्ये त्याने आरसीएवर केस केली. पैसा गेला, तब्येत गेली. चिडून एकदा त्याने मॅरिअनच्या हातावर फटका मारला आणि ती बहिणीकडे निघून गेली. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री त्याने आत्महत्या केली. नोटरीची तीच तारीख.

या सगळ्याच्या मधेच दुसरं महायुद्ध होऊन गेलं. तेव्हा त्याने अमेरिकन सैन्याला एफएमची पेटंट फुकट वापरू दिली. हातात धरायचा एससीआर-५३६ एएमवर चालायचा आणि जेमतेम मैलभर जायचा. पाठीवरचा एससीआर-३०० एफएमवर चालायचा. वजन १५ किलोच्या वर, पण रेंज तीन मैलांच्या आसपास. वॉकीटॉकी हे नाव गाजलं ते याच्यामुळे. तो बनवणारी कंपनी पुढे मोटोरोला झाली. नवऱ्याच्या केसेस मॅरिअनने एकेक करून चालवल्या आणि जिंकल्या. शेवटची १९६७ मध्ये, मोटोरोलाविरुद्ध.

आता आमच्या सेटचं. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या सेटसाठी २०१८ पासून लायसन्समुक्त आहे, म्हणून त्यातलाच घेतला. खोक्यावरची किलोमीटरची रेंज मनावर घेऊ नका, ती मधे काहीच नसेल तेव्हाची. मधे डोंगर आला की संपलं. पावसासाठी वॉटरप्रूफ हवा, स्क्वेल्च हवं, म्हणजे सिग्नल नसताना खरखर बंद राहते. आणि चार्जिंगचा भरवसा नको, जास्तीची बॅटरी घ्याच.

गेल्या महिन्यात पुन्हा राजमाची. मी श्रीवर्धनवर आणि मागच्या वेळी हरवलेल्या दोघी मनरंजनवर, मधे मोकळी हवा. आवाज इतका स्वच्छ आला की त्यांच्या हातातल्या चिवड्याच्या पिशवीची चुरचुरसुद्धा ऐकू आली. आमच्यासाठी चिवडा मात्र उरला नाही.