शिपाई, विद्यार्थी आणि सेवक : संत इग्नेशियस लोयोला

जुबिलीच्या प्रसंगीं मागें वळून पाहावें, हें माणसास साहजिक आहे. देवानें आपणांस कोणत्या वाटेनें आणिलें, आपण कोठें अडखळलों आणि कोठें त्यानें हात दिला, ह्याचा हिशेब अशा वेळीं मनांत आपोआप मांडला जातो. असाच हिशेब इ. स. १५५३ सालीं रोम शहरीं एक आजारी, थकलेले धर्मगुरु मांडूं लागले. सोबत्यांनीं फार आग्रह केला, म्हणून त्यांनीं आपला जीवनवृत्तांत लुईस गोन्साल्व्हिस द कामारा ह्या पोर्तुगीज धर्मगुरूस तोंडीं सांगितला. सांगतांना त्यांनीं स्वतःस केवळ यात्रेकरू म्हटलें, आणि तरुणपणच्या दोषांवर पांघरूण घातलें नाहीं. हे धर्मगुरु म्हणजे येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला. आपल्याकडे ज्या घरांत कोणी इनास आहे, त्या घरांत ह्याच संताचें नांव रोज घेतलें जातें.

त्यांचा जन्म १४९१ सालीं स्पेनच्या उत्तरेस बास्क प्रांतांत, लोयोला येथील गढींत झाला. पाळण्यांतलें नांव इनिगो. घराणें सरदारांचें, आणि भावंडांत हे सर्वांत धाकटे. किशोरवयांत ते राजाचे खजिनदार हुआन व्हेलास्केस यांच्या घरीं राहून दरबारी रीतिरिवाज शिकले. १५१७ सालीं तो आश्रय सुटल्यावर ते नवारे प्रांताचे राजप्रतिनिधि, नाहेराचे ड्यूक, यांच्या पदरीं राहिले. तेथें तलवार चालवावी लागे, तशीच मुत्सद्देगिरीही करावी लागे. गिपुस्कोआ प्रांतांतील गांवांत तंटा उठला, तेव्हां तो मिटविण्याच्या कामीं ड्यूकनें त्यांस धाडलें. उत्तम पोशाख, मानमरातब आणि चारचौघांत नांव, ह्यांपलीकडे त्यांच्या मनाची धांव त्या वेळीं नव्हती.

२० मे १५२१ रोजीं फ्रेंच सैन्यानें पांप्लोना येथील किल्ल्यावर तोफा डागल्या. किल्ला स्वाधीन करावा, असें इतरांचें मत होतें; इनिगो यांनीं लढण्याचा हट्ट धरिला. तोफेचा गोळा त्यांच्या पायांमधून गेला. उजवा पाय मोडला व डावाही जखमी झाला. ते पडतांच किल्ला पडला. शत्रूनें मात्र त्यांस सन्मानानें वागविलें आणि पुढें घरीं पोंचविलें. हाड नीट बसलें नाहीं, म्हणून तें पुन्हां मोडून बसविण्यांत आलें. गुडघ्याखालीं हाडाचा उंचवटा राहिला. त्यामुळें घट्ट बूट शोभणार नाहीं, एवढ्याकरितां त्यांनीं तो करवतीनें कापून घेतला. वेदना असह्य होत्या, पण त्यांनीं तोंडांतून आवाज काढला नाहीं. इतकें करूनही पाय आंखूडच राहिला.

अंथरुणावर वेळ जाईना. त्यांस शूरांच्या अद्भुत कथा हव्या होत्या. पण घरांत सापडलीं तीं ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रें. वाचतां वाचतां एक गोष्ट त्यांच्या ध्यानीं आली. दरबाराचे व पराक्रमाचे विचार मनांत असतांना गोड वाटत, परंतु निघून गेले कीं मन कोरडें पडे. संतांप्रमाणें वागण्याचे विचार निघून गेल्यावरही आनंद मागें राही. कोणता विचार कोठून येतो, हें पारखण्याची जी विद्या त्यांनीं पुढें असंख्यांस शिकविली, तिचा पहिला धडा असा मोडक्या पायानें मिळाला.

बरे झाल्यावर, मार्च १५२२ मध्यें, ते माँत्सेर्रात येथील मारियामातेच्या मठांत गेले. पापांची कबुली देऊन त्यांनीं आपली भारी वस्त्रें एका भिकाऱ्यास दिलीं, तलवार व खंजीर वेदीपाशीं ठेविलीं, आणि रात्रभर जागरण केलें. दुसरे दिवशीं कळलें कीं, तीं वस्त्रें चोरीचीं असावींत अशा संशयानें त्या भिकाऱ्यासच त्रास देण्यांत आला. तें ऐकून त्यांचे डोळे भरून आले. केवळ देऊन टाकिल्यानें दान पुरें होत नाहीं, हें त्यांस तेथें उमगलें असावें.

पुढें मान्रेसा येथें त्यांनीं सुमारें दहा महिने प्रार्थनेंत व कठोर तपांत घालविले. जुन्या पापांच्या शंकांनीं ते इतके व्याकूळ झाले कीं जीव द्यावा, असा मोहही त्यांस झाला. त्या काळोखांतून देवानें त्यांस बाहेर काढिलें, आणि तेथील अनुभवांतूनच त्यांचा आत्मिक साधनेचा ग्रंथ सुरू झाला. १५२३ सालीं ते यरुशलेमास गेले. तेथेंच जन्म काढावा, अशी त्यांची इच्छा होती; परंतु तेथील फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनीं त्यांस परत जाण्याची आज्ञा केली. मनांतला बेत मोडला, पण आज्ञा त्यांनीं मोडली नाहीं.

आतां लोकांच्या उपयोगीं पडावयाचें, तर विद्या पाहिजे. म्हणून तेहेतीस वर्षांचा हा शिपाई बार्सिलोना येथें लहान मुलांबरोबर लॅटिन शिकूं लागला. रूपें पाठ करतांना मन भक्तींत रमून जाई. तोही एक मोह आहे, हें ओळखून त्यांनीं शिक्षकांस वचन दिलें कीं दोन वर्षें एकही पाठ चुकविणार नाहीं. अल्काला व सालामांका येथें शिकत असतां, अधिकार नसतां धर्मोपदेश करितो, ह्या संशयावरून त्यांस तुरुंगवास घडला. चौकशींत शिकवणुकींत दोष निघाला नाहीं. १५२८ सालीं ते पॅरिसच्या विद्यापीठांत गेले, सुट्टींत भिक्षा मागून खर्च भागविला, आणि १५३५ सालीं एम्. ए. ची पदवी घेतली. त्यांच्या खोलींतील सोबती पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर हे होते. १५ ऑगस्ट १५३४ रोजीं मोंमार्त्र येथील लहानशा मंदिरांत ह्या सात मित्रांनीं दारिद्र्याचें व ब्रह्मचर्याचें व्रत घेतलें.

१५३७ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढच्या वर्षीं रोममध्यें कडक हिवाळा व दुष्काळ आला, तेव्हां ह्या मंडळींनीं शेंकडों उपाशी लोकांस आपल्या घरीं आणून अन्न व ऊब दिली. २७ सप्टेंबर १५४० रोजीं पोप तिसरे पॉल यांनीं येशूसंघास मान्यता दिली. १५४१ सालीं सोबत्यांनीं इग्नेशियस यांस संघाचे प्रमुख निवडिलें. त्यांनीं नकार दिला, पुन्हां मतें घेतलीं, तरी निवड तीच झाली. मग हे प्रमुख प्रथम स्वयंपाकघरांत राबले आणि मुलांस धर्मशिक्षण देऊं लागले. पतित स्त्रियांकरितां त्यांनीं संत मार्थाचें आश्रयगृह काढिलें. १५५१ सालीं रोमचें विद्यालय उघडलें. तेथें विद्या विनामूल्य मिळे. एका खोलींत बसून त्यांनीं जवळजवळ सात हजार पत्रें धाडिलीं. त्यांचे लाडके झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास पोंचले. त्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, आणि त्यांचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं छापून निघालें. पांप्लोनाचा तो गोळा असा आपल्या मराठी भाषेपर्यंत येऊन पोंचला.

त्यांचा अंत अगदीं साधा झाला. ३० जुलै १५५६ रोजीं त्यांनीं आपले चिटणीस पोलांको यांस पोप महाराजांचा आशीर्वाद आणण्यास सांगितलें. वैद्यांस धोका दिसत नव्हता, आणि पोलांको यांस पत्रें रवाना करावयाचीं होतीं. उद्यां गेलों तर चालेल काय, असें त्यांनीं पुसलें. इग्नेशियस यांनीं हट्ट धरिला नाहीं. दुसरे दिवशीं पहाटे, आशीर्वाद येण्यापूर्वींच, त्यांनीं प्राण सोडिला. किल्ल्यावर हट्ट धरणारा तरुण आणि मरणाच्या दारीं स्वस्थ पडून वाट पाहणारा हा वृद्ध, ह्या दोहोंमधील अंतर हीच त्यांची खरी यात्रा. १२ मार्च १६२२ रोजीं झेवियर यांच्यासह त्यांस संतपद मिळालें.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांतही कोणी पलटणींत चाकरी केली, कोणी कचेरींत, कोणी शाळेंत; कोणाचा बेत सिद्धीस गेला, कोणाचा अर्ध्यावर मोडला. जुबिलीच्या ह्या वर्षीं आपणही आपला वृत्तांत, दोष न झांकतां, देवापुढें मांडूं या. जें मोडलें असें आपणांस वाटतें, तेथूनच त्यानें नवी वाट काढिली असेल. ३१ जुलै ह्या त्यांच्या सणाच्या दिवशीं संत इग्नेशियस यांनीं आपणां सर्वांकरितां विनंती करावी.