कै. लक्ष्मीबाई टिळक

उपवासकाळ जवळ येताच आम्हांस नाशिकजवळील जलालपूर येथे जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे स्मरण होते. त्यांच्या माहेरी सोवळ्याचा विलक्षण धाक होता. १८९५ साली पतीने बाप्तिस्मा घेतला व उभयतांचा कित्येक वर्षे वियोग झाला. पुन्हा एकत्र आल्यावरही बाई आपले अन्नपाणी निराळेच ठेवीत. परंतु जातिभेद मनुष्यकृत आहे अशी खात्री पटताच त्यांनी तो आधी आपल्या पाण्याच्या भांड्यातून घालविला. बाप्तिस्मा मागाहून, १९०० साली, घेतला.

प्रिय बंधुभगिनींनो, आम्ही बाप्तिस्मा आधी घेतला. भांडी मात्र कित्येकांची अद्याप निराळीच आहेत. चाळीस दिवस एक वेळ जेवणे सोपे. शेजारच्या बंधूच्या हातचे पाणी पिणे कठीण. यंदा आपण तोच उपवास धरू या.