साडेअकरा पौंडांची शिदोरी

मुरुमच्या माधवराव पाटील महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या मुलाच्या प्रमाणपत्रावर ज्या विद्यापीठाचे नाव असते, त्याला १९९४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. पण बाबासाहेब स्वतः परदेशी कसे शिकले, ही हकिकत घरोघरी अर्धीच सांगितली जाते. महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, भीमराव अमेरिकेला गेले, विद्वान होऊन आले. मधले सारे गळते.

४ जून १९१३ रोजी बडोद्यात करार झाला. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. वडील सुभेदार रामजी चारच महिन्यांपूर्वी वारलेले. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोटाला चिमटा घेऊन शिकायचे, त्यातलेच काही रमाबाईंना घरखर्चाला पाठवायचे आणि उरलेल्यात जुनी पुस्तके घ्यायची. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. पुढच्या वर्षी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, आणि तेथेच मुदत संपली. १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पुस्तकांच्या पेट्या ज्या जहाजात होत्या, ते महायुद्धात बुडाले.

बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा कोणी देईना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना हाकलले गेले. सयाजीरावांचा हेतू निर्मळ होता, यात शंका नाही. परंतु परदेशी पाठवणारे दफ्तर परतलेल्या माणसाच्या छपराची सोय विसरले, असे म्हणावेसे वाटते. त्या मानाने लंडनचे विद्यापीठ समजूतदार. अभ्यास पुरा करायला त्याने चार वर्षांची सवलत दिली होती.

ती सवलत संपण्याआधी, १९२० मध्ये, बाबासाहेब पुन्हा निघाले. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज गाठीला होते. तेथे ते बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले.

हे दिवस ते विसरले नाहीत. १९४१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याच्या परिषदेला येऊन गेल्यावर, पुढच्याच वर्षी त्यांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य मुलांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला. स्वातंत्र्यानंतर केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली. २००३ मध्ये राज्यानेही अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने योजना काढली. तिच्यात शिक्षण शुल्क आहे, निर्वाहभत्ता आहे, आणि जाण्याबरोबर परतीचे विमानभाडेही आहे.